कोंडेश्वर धबधबा

कोंडेश्वर हे ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील, बदलापूरजवळचे शिवमंदिर व धबधब्याचे ठिकाण आहे. येथील कुंडात पर्यटक बुडून मृत्युमुखी पडल्याच्या घटना घडल्या असून पावसाळ्यात जिल्हा प्रशासन अशा ठिकाणी मनाई आदेश लागू करते.

कोसळणारे पाणी तळाशी जाते, काही अंतरावर वर येते आणि त्याचा काही भाग पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडे वळतो. या आवर्तात सापडलेली व्यक्ती वारंवार खाली ओढली जाते. फेसाळ पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळलेले असल्याने शरीर नेहमीप्रमाणे तरंगत नाही. त्यामुळे तरणतलावात नुकतेच पोहणे शिकलेल्यांस येथे मोठा धोका संभवतो; सोबतीस पट्टीचा पोहणारा असला तरी तो टळत नाही. बुडणाऱ्याला वाचवण्यासाठी स्वतः उडी घेण्याऐवजी काठावरून दोर किंवा लांब काठी देणे अधिक सुरक्षित असते.