निर्गुडीचा पाला आणि निर्गुडीची काठी

पावसाळ्यात गड उतरताना कुणाचा पाय मुरगळला, की सोबतच्यांपैकी एखादा जाणता निर्गुडी शोधायला निघतो. ती सापडतेही पटकन. ओढ्याकाठी किंवा शेताच्या बांधावर, पंजासारखी बहुधा पाच पानं, वरून हिरवी, खालून पांढुरकी, चुरगळली की उग्र वास. शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही लावतात. तव्यावर गरम केलेल्या या पाल्याचा शेक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतला जातो आणि ते थोतांड नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिच्या अर्कानं सूज आणि वेदना कमी झाल्याचं दिसलं आहे. नुसत्या उबेचाही गुण असतोच. अडचण वेळेची आहे. ताज्या मुरगळीला पहिले एक-दोन दिवस शेक दिला तर सूज वाढू शकते. तेव्हा हवं ओढ्याचं गार पाणी, खाली काही ठेवून उंच केलेला पाय आणि आधार. म्हणजे त्या घटकेला निर्गुडीच्या पाल्यापेक्षा तिची सरळ काठीच जास्त कामाची. पायाच्या दोन्ही बाजूंना दोन काठ्या, मधे कापडाची घडी आणि वरून ओढणी फार न आवळता बांधली, की घोटा हलत नाही. हाड मोडलं असेल तर न हलणं हाच वेदनेवरचा मोठा उतारा.

रानातली वेदनाशामकं खोटी नाहीत. ती आणीबाणीच्या घाईत बसत नाहीत, एवढंच माझं म्हणणं. यावर ठरलेला आक्षेप असा, की ॲस्पिरिनसुद्धा झाडातूनच आलं. खरं आहे. इंग्लंडमधल्या एडवर्ड स्टोन या धर्मोपदेशकानं १७६३ साली विलोच्या सालीचा तापावरचा गुण रॉयल सोसायटीला कळवला आणि पुढे त्याच धाग्यावरून १८९७ मध्ये बायर कंपनीत ॲस्पिरिन तयार झालं. पण स्टोननं ती साल भट्टीच्या बाहेरच्या अंगाला तीन महिन्यांहून अधिक काळ वाळवली होती, हे कुणी सांगत नाही! याच झाडाचा भाऊबंद, वाळुंज, आपल्याकडे नदीकाठी उभा असतो. त्याच्या सालीत गुणकारी द्रव्य किती, हे झाडागणिक बदलतं. पोटात गेल्यावरही शरीरात त्याचं रूपांतर व्हावं लागतं, त्यामुळे परिणाम सावकाश. आणि पावसाळ्यातली अंगदुखी डेंग्यूची निघाली, तर याच जातीचं औषध रक्तस्रावाचा धोका वाढवतं.

झटपट गुण देणारी एक वनस्पती मात्र आहे. अक्कलकाढ्याचं पिवळं, बोंडासारखं फूल दुखऱ्या दाताखाली चावलं की तोंडाला झिणझिण्या येतात, लाळ सुटते आणि हिरडी काही वेळ बधिर होते. हे स्पिलँथॉल या द्रव्याचं काम. दातातली कीड तिथंच राहते, पण रात्र काढायला तेवढं पुरतं.

आदिवासी आणि वैदू हे सगळं वापरतातच की, असंही म्हणतात. वापरतात, पण कोणता भाग, कोणत्या ऋतूत, किती, हे त्यांना हाताखाली शिकून ठाऊक असतं. मोबाइलमधल्या फोटोवरून तेवढं उतरत नाही. दुखण्यावर गुणकारी म्हणून धोतऱ्याचं नाव सर्रास घेतात, पण त्याच्या बियांनी भ्रम होतो, छाती धडधडते, जीवही जातो. कळलावीचा कंद तसाच जीवघेणा. रुईचा चीक डोळ्यात उडाला तर दृष्टी धोक्यात. अनोळखी पाला पोटात घालण्यापेक्षा पिशवीत पॅरासिटामॉलची पट्टी ठेवणं सोपं. तिचं वजन सुकामेव्याच्या पुडीहून कमी.

विंचूदंशावर आघाडा चोळतात. इथं तर वेदनेकडे पाहत बसणंच घातक. लाल विंचवाच्या विषानं हृदयावर ताण येतो. दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही त्याची लक्षणं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध यावर वापरून रुग्ण वाचवले, कोकणातले मृत्यू कमालीचे घटले. ती गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात वेळेत पोचणाऱ्यालाच मिळते. सापाचंही तेच. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. विषारी सापांतली मण्यार रात्री अंथरुणात चावते, तेव्हा जागा बहुधा दुखतही नाही की सुजतही नाही. शमवायला वेदनाच नसते. पापण्या मिटू लागेपर्यंत माणूस पाला शोधायलासुद्धा उठत नाही.