सिद्धेश्वर : पाण्याला वाट देणारी भिंत

औंढा नागनाथ तालुक्यात पूर्णा नदीला मातीची एक भिंत आडवी गेली आहे. लांबी सहा किलोमीटरहून जास्त, उंची सुमारे 38 मीटर. 1968 साली पुरं झालेलं हे सिद्धेश्वर धरण. धरण म्हणजे पाणी अडवणारी भिंत, असं आपण सहज म्हणतो. पण मातीचं धरण टिकतं ते पाण्याला योग्य वाट दिल्यामुळे.

अशा धरणाच्या पोटात चिकणमातीचा गाभा असतो. ती भिजली की फुगते आणि पाण्याची वाट बुजवते. पण एकटी ती उभी राहत नाही, ढासळते. म्हणून दोन्ही अंगांना मुरमाचं जाड कवच. माती थरावर थर पसरायची, पाणी मारून रोलरनं दाबायची. लाटांच्या बाजूला दगडी पिचिंग. एवढं करूनही पाणी पाझरतंच. त्या पाझराला वाळूच्या गाळणीतून पायथ्याशी बाहेर काढतात. तो नितळ असला तर धरण सुखरूप. गढूळ आला, तर आतली माती वाहू लागली आहे.

पुराला मात्र माथ्यावरून जाऊ देऊन चालत नाही. तसं झालं की मातीचा भराव बघता बघता कापला जातो. 12 जुलै 1961 ला पानशेतचं मातीचं धरण फुटलं आणि पुण्यात हाहाकार उडाला. पुराचं पाणी माथ्यावरून न जाता सांडव्यातून सोडता यावं, म्हणून सिद्धेश्वरच्या सांडव्याला 14 दरवाजे आहेत.

हे धरण एकटं नाही. वरच्या अंगाला, जिंतूर तालुक्यात, याच नदीवर येलदरी आहे. तिथला एकूण साठा 934 दशलक्ष घनमीटर, सिद्धेश्वरचा 250. आणि त्यातलाही उपयुक्त साठा जेमतेम 81. येलदरीचं पाणी 22.5 मेगावॉटच्या वीजघरातून खाली येतं, सिद्धेश्वर ते झेलतं आणि कालव्यांतून परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांकडे वळवतं. हिंगोली शहराची तहान आणि वसमतकडचा ऊस, हळद, केळी या पाण्यावर आहेत. पण येलदरीचे दरवाजे उघडले, तर एवढ्याशा पोटात तो लोंढा मावत नाही. खाली आधीच जागा करावी लागते आणि नदीकाठच्या गावांना वेळेत इशारा द्यावा लागतो. धरणानं पूर आवरतो, तो असा वेळ साधल्यामुळे.

मातीची भिंत रोज राखावी लागते. झुडपांची मुळं आणि घुशींची बिळं पाण्याला चोरवाटा करून देतात. भरावावरून फिरणारी, पाझर मोजणारी, दरवाज्यांना वंगण घालणारी माणसं म्हणूनच मोलाची. नवं धरण बांधायला जसा निधी लागतो, तसाच जुनं राखायलाही लागतो. नळाला पाणी आलं की या माणसांची आठवण कुणाला होत नाही. पण पायथ्याचा पाझर नितळ आहे हे रोज पाहणारं कुणीतरी तिथं असलंच पाहिजे.