'येऊ नका'चं झालं गोल्डन माइल!

'लेस्टरला येऊ नका!' १९७२ मध्ये या ब्रिटिश शहराच्या कौन्सिलनं युगांडातल्या पेपरात चक्क अशा अर्थाची जाहिरात दिली होती. इदी अमीननं ९० दिवसांत देश सोडायला लावलेले आशियाई आपल्याकडे येतील, याचा धसका! तरी हजारो आलेच. बेलग्रेव्ह रोडवर साड्या, दागिने, फरसाणची दुकानं थाटली आणि तो 'गोल्डन माइल' झाला. २०२१ च्या जनगणनेत इथले आशियाई ४३.४ टक्के, गोरे ४०.९. म्हणजे मेजॉरिटी कुणाचीच नाही! पण २०२२ मध्ये याच शहरात हिंदू-मुस्लिम तरुण रस्त्यावर भिडले. आकडे पन्नास वर्षांत बदलले; शेजार जमवणं मात्र रोजचं काम. भाड्याचं घर शोधताना 'कुठले तुम्ही?' ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको!