क्विटो : पृथ्वी मोजणाऱ्यांच्या मागावर एक दिवस

इक्वेडोरची राजधानी क्विटो. तिथला विमानतळ शहराबाहेर तबाबेला येथे आहे आणि त्याला लागूनच यारुकीचे पठार. १७३६ च्या अखेरीस फ्रेंच संशोधक आणि दोन तरुण स्पॅनिश नौदल अधिकारी यांनी या पठारावर लाकडी दांडे एकापुढे एक आडवे मांडत सुमारे बारा किलोमीटरची सरळ रेषा मोजली. पृथ्वीचा आकार कसा, या वादाचा निकाल लावण्यासाठी ते आले होते. शिकायला म्हणून दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मुलामुलींच्या वाट्याला क्विटोचा एखादाच दिवस आला, तर त्यांनी तो या मोजणीचा माग काढण्यात घालवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

वाद असा होता. न्यूटनच्या मते स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आणि ध्रुवांपाशी चपटी असायला हवी. पॅरिसच्या कासिनी या खगोलशास्त्रज्ञ पितापुत्रांची मोजमापे नेमके उलटे सांगत होती. निकाल लावायचा तर अक्षांशाच्या एका अंशाचे जमिनीवरचे अंतर दोन ठिकाणी मोजायचे, एकदा विषुववृत्ताजवळ आणि एकदा उत्तरेला जमेल तितके वर. न्यूटन बरोबर असेल तर उत्तरेकडचा अंश लांब भरणार. आजच्या मापाने तो विषुववृत्तावर सुमारे ११०.६ किलोमीटर आहे, ध्रुवापाशी १११.७. जेमतेम किलोमीटरभराचा फरक! उत्तर युरोपातल्या लॅपलँडला गेलेल्या तुकडीने १७३७ मध्येच न्यूटनच्या बाजूने कौल दिला. तरी ला काँदामीन, बुगे आणि गोदँ यांची तुकडी इथे काम करतच राहिली, १७४३ पर्यंत.

हे काम समजून घ्यायचे तर सकाळी सकाळी पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारावर जाणारा रोपवे गाठावा, कारण दुपारी बहुधा ढग उतरतात. शहरच २,८५० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईपेक्षा बाराशे मीटर उंच. रोपवे आणखी वर, ३,९०० मीटरच्या पुढे नेऊन सोडतो. तिथे धाप लागते, डोके जड होते. सावकाश चालावे. याच पिचिंचावर बुगे आणि ला काँदामीन थंडीवाऱ्यात आठवडेच्या आठवडे झोपडीत राहिले होते. आकाश मोकळे असेल तर कोतोपाक्सी आणि कायांबे ही हिमाच्छादित शिखरे दिसतात आणि पाठ्यपुस्तकातली त्रिकोणमिती डोळ्यांसमोर उभी राहते. पठारावरची एक बाजू मोजून झालेली असली की पुढे दोरी-दांड्याची गरज नाही. एका उंचवट्यावरून दुसरा पाहायचा, कोन मोजायचे, उरलेल्या बाजू गणिताने काढायच्या. अशी त्रिकोणांची साखळी त्यांनी दक्षिणेला कुएंकापर्यंत नेली, तीनशेहून अधिक किलोमीटर. यंत्रे आणि तंबू त्या उंचीवर वाहून नेणारे मूलनिवासी मजूर होते. त्यांची नावे कोणत्याही स्मारकावर ठळक दिसत नाहीत, ही गोष्ट मला फार लागते.

खाली उतरून जुन्या शहरात यावे. युनेस्कोच्या १९७८ च्या पहिल्याच जागतिक वारसा यादीत या भागाचे नाव होते. ला कोंपान्यिया हे जेसुइटांचे चर्च १६०५ मध्ये सुरू झाले आणि १७६५ मध्ये पुरे झाले. आतल्या सोनेरी वर्खाने डोळे दिपतात. चर्च पुरे झाल्यावर दोनच वर्षांत स्पेनच्या राजाने जेसुइटांना आपल्या साम्राज्यातून हाकलले. जेवायला बाजारातल्या गाळ्यावर बसावे. सूप, भात, भाजी-मांस आणि रस असे दुपारचे ताट काही डॉलरांत मिळते (२००० पासून इथे अमेरिकी डॉलरच चालतो). शाकाहारी मुलांनी ‘लोक्रो दे पापा’ मागावे, बटाटा आणि चीजचे दाट सूप. आपल्या उपासाच्या बटाट्याचे मूळ घर हीच अँडीज पर्वतरांग. मग सान फ्रान्सिस्को चौकातून मेट्रोने पुढच्याच स्थानकावर, ला अलामेदाला उतरावे. तिथल्या बागेत १८७३ ची वेधशाळा आहे.

दुपारनंतर बसने उत्तरेला ‘मिताद देल मुंदो’. तीस मीटर उंचीचे हे विषुववृत्ताचे स्मारक १९८२ मध्ये पूर्ण झाले. जमिनीवरच्या पिवळ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून सगळे फोटो काढतात, जरूर काढावा. मात्र जीपीएसप्रमाणे विषुववृत्त तिथून सुमारे २४० मीटर उत्तरेला आहे. जवळपास काही ठिकाणी बेसिनमधले पाणी रेषेच्या अलीकडे एका दिशेने आणि पलीकडे दुसऱ्या दिशेने फिरताना दाखवतात. त्यावर विश्वास ठेवू नये. पृथ्वीच्या फिरण्याचा बेसिनभर पाण्यावर होणारा परिणाम मुळातच नगण्य असतो आणि विषुववृत्तापाशी तर तो शून्यावर येतो. तिथेच दाखवतात ते खिळ्यावर अंडे उभे करणे हेही हाताचे कसब आहे, ते पुण्यातही जमते.

याच मोजणीचा पुढचा धागा भारतात आहे. ब्रिटिश सर्वेक्षक विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून दक्षिणोत्तर त्रिकोणांची साखळी सुरू केली. पृथ्वीची वक्रता मोजणे हा त्यांचाही हेतू होता. काम उत्तरेकडे सरकत असताना १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे त्यांचा मृत्यू झाला आणि तिथेच त्यांचे दफन झाले. क्विटो सगळ्यांना जमणार नाही. पण नागपूर-वर्ध्याच्या शाळा-कॉलेजांनी आपल्या भूगोलाच्या मुलांना एकदा तरी हिंगणघाटला न्यावे.