मुद्रा कारागिरी व मुद्रा अभिकल्प

धातूच्या पत्र्यातून ठराविक आकाराचे तुकडे कापण्यासाठी, पत्रा वाकविण्यासाठी वा त्यास खोलगट आकार देण्यासाठी दाबयंत्रात जो साधनसंच बसवितात, त्यास मुद्रा म्हणतात. वरचा भाग पंच व पोकळी असलेला खालचा भाग डाय या नावाने कारखान्यांत ओळखला जातो. एकाच मुद्रेवर लाखो नग निघतात. त्यामुळे तीत राहिलेला दोष प्रत्येक नगात उतरतो. या व्यवसायाची जबाबदारी इतर यंत्रकामापेक्षा वेगळी ठरते ती यामुळेच.

कर्तन मुद्रेत पंच व डाय यांमधील फट सर्वांत महत्त्वाची असते. पंच पत्र्यात काही खोलीपर्यंत शिरला, की दोन्ही धारांपासून भेगा निघतात व त्या एकमेकींस मिळून तुकडा सुटतो. फट चुकल्यास भेगा नीट मिळत नाहीत, कडेवर बर येते आणि धारही लवकर बोथटते. मृदू पोलादाच्या २ मिमी. जाड पत्र्यासाठी प्रत्येक बाजूस जाडीच्या ६ टक्के, म्हणजे ०·१२ मिमी. फट धरली, तर २० मिमी. व्यासाची चकती काढण्यासाठी डायचा व्यास २० मिमी. व पंचाचा १९·७६ मिमी. ठेवतात. तेवढेच छिद्र पाडावयाचे असल्यास मात्र पंच २० मिमी. व डाय २०·२४ मिमी. करावी लागते, कारण चकतीचे माप डाय ठरविते, तर छिद्राचे पंच. नवशिका आरेखक बहुधा येथेच गोंधळतो. परिघ, जाडी व पत्र्याचे कर्तन सामर्थ्य यांच्या गुणाकाराने लागणारे बल मिळते. कर्तन सामर्थ्य दर चौ. मिमी.स ३५० न्यूटन धरल्यास वरील चकतीसाठी ते सु. ४४,००० न्यूटन (सु. ४·५ टन) येते.

डायसाठी सु. १·५ टक्के कार्बन व १२ टक्के क्रोमियम असलेले पोलाद पुष्कळदा वापरतात. कठिनीकरणात त्याची मापे किंचित बदलतात. पूर्वी मऊ पोलादातच कानशीने आकार घडवीत; पुढे भट्टीत तो तडकला, तर कित्येक दिवसांचे श्रम वाया जात. लाझारेंको या सोव्हिएट दांपत्याने १९४३ मध्ये विद्युत् ठिणगीने धातू झिजविण्याची पद्धत शोधली. तिच्यातून विकसित झालेल्या वायर कट यंत्रावर आधीच कठीण केलेले पोलाद बारीक तारेने कापता येते. यामुळे कानसकाम पुष्कळ घटले. जुळणी व चाचणी मात्र अजून कारागिराच्या नजरेवरच अवलंबून आहेत. चाचणीतील तुकड्याच्या कडेवरचा चकाकता पट्टा एका बाजूस रुंद दिसला, तर त्या बाजूची फट कमी झाली आहे, हे तो लगेच ओळखतो.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील या विषयाचा अभ्यासक्रम दहावीनंतर दोन वर्षांचा असतो. इंडो-जर्मन टूल रूम, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे पदविकेची सोय आहे, तर हैदराबादची केंद्रीय हत्यार अभिकल्प संस्था १९६८ मध्ये स्थापन झाली. संगणकावरील आरेखन शिकून थेट अभिकल्पक होता येते. तथापि काही वर्षे जुळणीच्या मेजावर काढलेली बरी. एरवी अशा मुद्रा कागदावर निर्दोष दिसतात, पण एका पंचास धार लावावयाची झाली, तरी सबंध संच उकलावा लागतो आणि तोवर दाबयंत्र बंद राहते.