पाहणीला निघण्यापूर्वी



वसतिगृहातील अकरावी-बारावीची मुले पाड्यांवर जाऊन बालकांच्या पोषणाची पाहणी करणार आहेत. आपण पाठवलेली मदत कुठे आधी न्यावी, हे त्यावरून ठरेल. म्हणून प्रश्नावली छापण्याआधी त्यांना काय शिकवले जाते, ते सांगते.

पहिला प्रश्न: कोण सुटेल? मुलांच्या यादीत आधी रस्त्यालगतचेच पाडे येतात. साहजिक आहे, तिथे जीप जाते. अक्राणीतल्या नर्मदेकाठच्या काही गावांना मात्र बोटीने जावे लागते. शिवाय दिवाळीनंतर बरीच कुटुंबे लेकरांसह ऊसतोडीला गुजरातेत जातात. डिसेंबरात मोजले तर मागे राहिलेलीच बालके मोजली जातील आणि आकडा उगाच बरा दिसेल. म्हणून सगळ्या पाड्यांच्या चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल तिथे जायचे, तेही दिवाळीआधी. कुलूप असलेल्या घराचीही नोंद करायची. 2001 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ने इतर संस्थांसह ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला. घरोघर मोजलेले बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक निघाले होते.

भाषेचेही तसेच. धडगावकडे पावरी, नवापूरकडे मावची. प्रश्न त्या बोलीत आधीच बसवले नाहीत, तर प्रत्येक मुलगा आपापला वेगळा प्रश्न विचारतो.

सर्वांत अवघड भाग नकाराचा. आपल्याकडून धान्य, औषध मिळते हे पाड्यावर ठाऊक असते. मग आईने ‘नाही’ म्हणावे कसे? म्हणून मदतवाटपाच्या दिवशी पाहणी नाही. उत्तर दिले नाही तरी काही थांबणार नाही, हे आधी सांगायचे. प्रार्थनेला येता का, हा प्रश्न यादीत नाही. कागदावर नावाऐवजी क्रमांक. फोटोही नाहीत. आपल्यापैकी काही जण फोटो मागतात. त्यामागची माया कळते, पण उपाशी लेकराचा चेहरा त्याच्या आईचा आहे, आपल्या पत्रिकेचा नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली आहे.

दंडाची फीतही सोबत असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर ते तीव्र कुपोषित. अशा वेळी पुढचे घर थांबते. आईशी बोलून त्याच दिवशी अंगणवाडी सेविका किंवा आशाताईला गाठायचे. उरलेले फॉर्म दुसऱ्या दिवशी.