गोल बाजाराजवळ घर, घरात वॉशिंग मशीन
रायपूरच्या गोल बाजाराभोवती, तात्यापारा-बुढापाऱ्यात भाड्याचं घर बघताना मशीनला जागा आहे का, एवढंच विचारून भागत नाही. खरी गोम पाण्याच्या दाबात. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच असली की साधारण 1 बार दाब मिळतो. सर्वांत वरच्या मजल्यावर ती डोक्यावरच असते. 2 मीटरला जेमतेम 0.2 बार. अनेक फुल्ली ऑटोमॅटिक मशीनना याहून जास्त दाब लागतो. नाहीतर पाणी भरतानाच त्या अडून बसतात. पंप लागला तर खर्च कोणाचा, हे भाडेकरारातच लिहून घ्यावं. अर्थिंग असलेला 16 अँपिअरचा सॉकेट आणि मोरीचा उतारही बघावा. हात आखडता असेल तर सेमी-ऑटोमॅटिक घ्यावी. ती बादलीनेही भरता येते, दुकानदार कितीही नाक मुरडो.